बाबांच्या आवाजाची किल्ली

आमचा धाकटा बँकेच्या ॲपची सुरक्षा सांभाळतो, त्यामुळे त्याला जिथेतिथे चोर दिसतात. बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, आवाज कायमचा जाणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तेव्हा यानंच त्यांना माईकसमोर बसवून त्यांची रोजची वाक्यं रेकॉर्ड केली. मग ॲप बनवलं. बटण दाबलं की फोनमधून बाबा बोलणार! ऑपरेशननंतर ते तसेच बोलत होते. मला दटावायचं बटण तर झिजलंच असेल.

"हल्ली आवाज चोरून लोकांना गंडा घालतात, ताई," असं म्हणत या शहाण्यानं सगळं एन्क्रिप्ट केलं, म्हणजे किल्लीशिवाय उघडणार नाही असं कुलूपबंद केलं. त्यासाठी तयार फ्रेमवर्क, म्हणजे आयता सांगाडा असतो म्हणे. प्रोग्रामरनं फक्त किल्ली कुठे ठेवायची ते ठरवायचं. यानं सगळ्यात कडक पर्याय निवडला. किल्ली त्याच फोनच्या चिपमध्ये, तिथून ती कुणालाच बाहेर काढता येणार नाही. मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकलं. चोरांचा सगळा विचार केला, फोन बदलला तर काय, हे मात्र डोक्यातच आलं नाही. एक तरी वाक्य माझ्या फोनवर दे, असं मीही म्हणायला हवं होतं.

रविवारी त्यानं बाबांना नवा फोन आणला. फायली हलवल्या, जुन्या फोनमधलं सगळं पुसून तो दुकानात दिला. नव्यावर बटणं सगळी दिसली, पण आवाज एकाचाही येईना.

"किल्ली," एवढंच म्हणाला आणि फोन खाली ठेवला.

"अरे, मग उघड ना! तूच बनवलंयस ना?"

"जुना फोन पुसला तेव्हा किल्लीही पुसली गेली. आता कुणालाच उघडता येणार नाही, ताई. मलाही नाही. नीट बनवलं की असंच असतं."

"चुलीत घाल तुझं ते नीट!" मी ओरडले. असा संताप आला होता! आता वाटतं, ओरडायला नको होतं. त्याला माझ्याआधीच सगळं कळलं होतं.

बाबांनी त्यांची लिहायची पाटी ओढली. 'तुझं काम चोख आहे' असं लिहून त्याच्यापुढे धरली. त्यावर तो हमसून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले, तर बाबा दाराशीच खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी सवयीनं फोन उचलून बटण दाबलं. फोन गप्प. त्यांनी पुन्हा दाबलं, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'आलीस का गं?' असं त्या बटणावर लिहिलं होतं.

"आले, बाबा," मी म्हणाले.