आडवी शिडी

मी शिडी बोलतेय. झुरिकच्या सरोवरावर पोहणाऱ्यांसाठी बांधलेला जुना लाकडी घाट आहे ना, त्याच्या छपराखाली, भिंतीला आडवी टांगलेली, दोन्ही टोकं लाल रंगवलेली, ती मीच. उन्हाळ्यात लोक माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. हिवाळ्यात माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि बघू नये अशीच माझी इच्छा असते. आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. अगदी पहिल्यापासून.

तशी मी पाण्याच्या वाटेला जाणारी नव्हेच. माझे दोन्ही लांब दांडे फर नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचे. एका खेड्यातल्या सुताराने मला चेरी उतरवण्यासाठी घडवलं. चेरीची शिडी लांब असते, वर निमुळती होत जाते, म्हणजे फांद्यांच्या दाटीत तिला सहज शिरता येतं. माझी पहिली मालकीण बेनिंगरबाई. ती टोपली कमरेला बांधून वर चढायची आणि चेरी खाणाऱ्या पाखरांना अशा शिव्या घालायची की खाली उभी असलेली माणसं हसून बेजार व्हायची. ते दिवस सुखाचे. वारा सुटला की तेवढी मी फांदीला घट्ट बिलगायची.

पुढे बाग गेली आणि तिथे इमारती उभ्या राहिल्या. बेनिंगरबाईने मला घाटाच्या रखवालदाराला, हाइरीला देऊन टाकलं. त्याने माझी टोकं लाल रंगवली, एका टोकाला जाडजूड दोर बांधला आणि मला इथे टांगलं. मला वाटलं, छपराच्या डागडुजीला आणलं असेल. पण त्याच संध्याकाळी तो बायकोला, उर्सिनाला, सांगत होता, "बर्फ फुटून कुणी आत पडलं ना, की ही आडवी सरकवायची. माणसाचं वजन एका जागी पडत नाही मग."

तेव्हापासून माझी पाचावर धारण बसली. शिडी म्हणजे कशी, उभी राहायची, भिंतीला नाहीतर झाडाला टेकायची. पाण्यावर पालथं पडायचं आणि बुडत्या माणसाने कवटाळायचं, हे काय शिडीचं काम आहे? पण मला विचारतो कोण!

बरीच वर्षं निभावली. काठाशी बर्फाचा पापुद्रा धरायचा आणि विरून जायचा. मला वाटू लागलं, सुटले एकदाची. आणि मग एकोणीसशे त्रेसष्टचा हिवाळा आला.

त्या साली सरोवर पार गोठलं, या काठापासून त्या काठापर्यंत. तुम्ही तो आवाज ऐकला नसेल. बर्फ वाढायला लागला की तो कण्हतो. मध्येच लांबवर धडाम् असं काहीतरी होतं आणि तो आवाज पायाखालून सरपटत काठाला येतो. घाटाचे खांब करकरायचे. मी खुंट्यांवर अंग चोरून असायची.

माणसं मात्र खुळावली होती. आधी कुणी पाऊल टाकायला तयार नव्हतं. इथली माणसं रस्त्यात एकही गाडी नसली तरी दिवा हिरवा होईपर्यंत थांबणारी. पण वर्तमानपत्रात छापून आलं, की आता बर्फावर जायला परवानगी आहे, आणि झालं! सगळं शहर सरोवरावर लोटलं. बाबागाड्या काय, सायकली काय, बर्फावरच सॉसेज आणि भाजलेल्या चेस्टनटची दुकानं काय! कालपर्यंत जिथे बोटी चालत होत्या तिथे म्हाताऱ्या बायका पर्स सांभाळत फिरत होत्या.

हाइरी मात्र हसत नव्हता. आमच्या घाटालगत एक ओढा सरोवराला मिळतो. तिथलं पाणी खालून वाहतं राहतं, त्यामुळे तेवढ्या भागात बर्फ पापडासारखा पातळ. नाताळ होऊन गेल्यावर लोकांनी टाकून दिलेली फरची झाडं हाइरीने गोळा केली आणि त्या पातळ जागेभोवती गोल रोवून टाकली. इथे सगळ्यांना ठाऊक होतं, की बर्फात झाड दिसलं की लांबून जायचं. माझ्याच जातीची झाडं ती. धोक्याच्या पाठीला पाठ लावून उभी होती बिचारी. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

अशातच उर्सिनाची थोरली बहीण पाहुणी म्हणून आली. तिचं नाव मेंगा. वरच्या डोंगरातली, साठी उलटलेली, अंगाने भरभक्कम, जिभेने तिखट. नवरा जाऊन तिला काही वर्षं झाली होती. सरोवर गोठलंय हे तिने रेडिओवर ऐकलं आणि अक्रोडाचा केक नि वाळवलेल्या मांसाचा तुकडा बांधून घेऊन ती आगगाडीत बसली. दुपारी ती तिघं माझ्याच खाली, बाकावर, ब्लँकेटं गुंडाळून कॉफी प्यायची.

"हाइरी, एवढी लांब शिडी कशाला रे? इथे चढायला झाड तरी आहे का एखादं?"

"ती पाण्यासाठी आहे, मेंगाताई."

"पाण्यात चढतात का तुमच्याकडे? अगं उर्सी, कसल्या माणसाशी लग्न केलंस तू!"

उर्सिना तोंडाला पदर लावल्यासारखा मफलर लावून हसायची. हाइरीही हसायचा. मेव्हणीचं बोलणं त्याला गोड लागायचं.

एका दुपारी मेंगा आपल्या नवऱ्याबद्दल बोलत होती. दुरी त्याचं नाव. "तुम्हाला हिवाळा म्हणजे गंमत," ती म्हणाली. "आमच्याकडे पहिला बर्फ पडायच्या आत दुरी आणि बाकीचे बाप्ये खिंडीच्या वाटेने फरची झाडं रोवत जायचे. वादळात डोळ्यापुढचं दिसत नाही. मग एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत जायचं. झाड हाताला लागलं की वाट सापडली. आणि पुढचं झाड दिसलं नाही, तर दुरी सांगायचा, हातातलं झाड सोडायचं नाही. माणसं शोधत झाडापाशीच येतात."

माझ्या दांड्यांतून कळ गेली. समोर बर्फात हाइरीची झाडं उभी होती. मला वाटलं, आता हाइरी बोलेल. आता उर्सिना तरी बोलेल, ती तर त्याच डोंगरातली. पण हाइरी पाइप पेटवण्यात गुंतला होता आणि उर्सिना म्हणाली, "ताई, केक घे ना अजून." मी घसा फोडून ओरडले असते, पण मला घसा कुठला?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. हाइरी बर्फावरच्या दुकानांपाशी लक्ष ठेवायला गेला होता. उर्सिनाने डब्यात गरम सूप भरलं, तेव्हा मेंगाने तो तिच्या हातातून ओढूनच घेतला.

"मी नेते. तू भांडी आवर."

"ताई, धुकं आहे. काठाकाठाने जा हं."

"अगं, डोंगर ओलांडलेली बाई मी. तुझं तळं मला गिळतंय होय?"

ती गेली. थोडा वेळ बर्फावर तिच्या बुटांची करकर ऐकू आली, मग तीही थांबली. धुकं इतकं दाटलं की बर्फावरची दुकानंही दिसेनाशी झाली. मला फक्त झाडांच्या रिंगणातली जवळची दोन-तीन दिसत होती, तीही पुसल्यासारखी.

मग पुन्हा करकर आली. पण ती काठाच्या बाजूने येत नव्हती. ती सरोवराकडून येत होती, अडखळत, थांबत.

"हाइरी!" मेंगाची हाक आली. "अरे हाइरी! कुठे आहेस मेल्या?"

कुणी उत्तर दिलं नाही. हाइरी तिच्याशी चुकामूक होऊन काठाच्या रस्त्याने परत येत होता, हे तिला काय माहीत! तिचा आवाज बदलला होता. मेंगासारखी बाई घाबरलेली ऐकणं, त्याने मी जास्तच घाबरले. धुक्यात तिची सावली हलली. ती झाडांच्या पलीकडे उभी होती. तिने पहिलं झाड पाहिलं.

"आहेत गं बाई, झाडं आहेत," असं ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिच्या आवाजात जीव आला.

ती झाडापाशी आली. त्याच्या फांदीवर तिने हात ठेवला, ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा. मग तिने समोर पाहिलं. रिंगणाच्या दुसऱ्या बाजूचं झाड तिला धुक्यातून अंधुक दिसत होतं. सरळ समोर. ती त्याच्याकडे निघाली.

मी काय सांगू! माझ्या पायरीपायरीत किंकाळी दाटली होती. थांब, बाई, थांब. मागे फीर. एक पाऊल, आणखी एक. बर्फ कुरकुरला, तिने ऐकलंही असेल, पण समोर झाड होतं. ती जवळजवळ पोचलीच होती. मग काच फुटावी तसा आवाज झाला आणि ती दिसेनाशी झाली.

क्षणभराने डोकं वर आलं. मग तिची किंकाळी. तिने दोन्ही हातांनी झाडाचा बुंधा कवटाळला होता.

हाइरी ओढ्याच्या पुलावर पोचला होता. तो धावतच आला. मला खुंटीवरून ओढलं तेव्हा त्याच्या हातात हातमोजेही नव्हते. किंकाळी ऐकून स्केटिंग करणारी दोन माणसं धुक्यातून आली, त्यांच्या हाती त्याने दोर दिला. "मी ओढा म्हणेन तेव्हा ओढा. त्याआधी नाही." मग त्याने मला बर्फावर आडवं टाकलं, माझ्यावर पोटावर झोपला आणि आम्ही दोघं सरपटत निघालो.

खालून पाणी वाहत होतं. मला ते जाणवत होतं. माझ्याखाली बर्फाला बारीक बारीक तडे जात होते आणि प्रत्येक तड्याला मला वाटे, आता गेलो. मला मागे फिरायचं होतं. खरं सांगते, मला मागे फिरायचं होतं.

माझं टोक मेंगापाशी पोचलं. पहिली पायरी पाण्यात बुडाली. असला गारठा मी जन्मात अनुभवला नव्हता.

"ताई, शिडी धर! हात दे!"

"झाड धरलंय मी." तिचे दात वाजत होते. "येतील माणसं."

"अगं, मी आलोय! सोड ते झाड!"

"झाड सोडायचं नाही. दुरीने सांगितलंय."

ते झाड कलत होतं. त्याच्या बुडाशी बर्फाला आडवी भेग पडली होती आणि ती रुंद होत चालली होती. हाइरीला दिसत होतं, मला दिसत होतं, फक्त मेंगाला दिसत नव्हतं. तिने डोळे मिटून घेतले होते आणि गाल बुंध्याला लावला होता. हाइरीने हात लांबवला, पण तो पुरेना. तो आणखी पुढे सरकला तर मी त्याच्यासकट खाली जाणार होते.

तेवढ्यात काठावरून उर्सिनाचा आवाज आला. ती घाटाच्या पायऱ्यांवर उभी होती, हात अजून भांड्यांच्या साबणाने माखलेले.

"मेंगाताई! ती दुरीभाऊजींची झाडं नाहीत गं! ती हाइरीने लावलीत! ही जवळ जायची झाडं नाहीत, ताई, ही लांब राहायची झाडं आहेत! मी सांगायला हवं होतं गं तुला! सोड ते झाड, ताई, सोड!"

मेंगाने डोळे उघडले. तिने झाडाकडे पाहिलं. त्याच्या एका फांदीवर नाताळची चांदीची झिरमिळी अजून लटकत होती. दुरीच्या झाडांना चांदी कुठली! ती त्या झिरमिळीकडे बघत राहिली. मग तिचा एक हात सुटला आणि माझ्या दुसऱ्या पायरीवर पडला. मग दुसरा.

"ओढा!" हाइरी ओरडला.

मी अशी ताणली गेले की माझे सांधे उखडतील असं वाटलं. मेंगा छातीपर्यंत वर आली, मग कमरेपर्यंत. आमच्या डोळ्यांसमोर ते झाड वळलं आणि पाण्याखाली गेलं.

तिला घरात नेऊन शेगडीपाशी बसवलं, तेव्हा दार उघडंच होतं आणि मला सगळं ऐकू येत होतं. तिने हात शेगडीवर धरले. मग म्हणाली, "सूप गेलं रे तुझं, हाइरी." उर्सिना हुंदके देऊन रडायला लागली. "मी इतकी इथली झाले गं ताई, की आपल्याकडचं मला आठवलंच नाही," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

त्याच संध्याकाळी हाइरीने उरलेली झाडं उपटली आणि तिथे दोर बांधून त्याला लाल फडकी लावली.

परत जायच्या आदल्या दिवशी मेंगा शाल गुंडाळून माझ्याखाली बाकावर येऊन बसली. हाइरी शेजारी होता. तिने हात वर करून माझ्या दुसऱ्या पायरीला लावला.

"तुझी ही शिडी थरथरत होती रे तेव्हा."

हाइरीने पाइप तोंडातून काढला. "शिडी नाही, ताई. मी."

तिने शाल घट्ट ओढून घेतली. "मी झाड सोडलं नसतं तर?"

"मग मीपण शिडी सोडली नसती."

उर्सिना कॉफीचे कप घेऊन दारात उभी होती. तिने ते ऐकलं. ती पुढे आली नाही.

आता त्या तिघांपैकी कुणी नाही. माझ्या शेजारी ॲल्युमिनियमची नवी शिडी आली आहे, चकचकीत, हलकी. मी राहिले टॉवेलांपुरती. सरोवर त्यानंतर तसं पुन्हा गोठलं नाही. एकदा तरी ते पाहायला मिळावं, असं काठावरची माणसं उसासे टाकून म्हणतात. मी म्हणत नाही.

तुम्ही कधी भर हिवाळ्यात इकडे पाहुणे म्हणून आलात, तर विचारायला लाजू नका. आणि तुमच्याकडे कुणी पाहुणा आला, तर काठाकाठाने जा, एवढंच सांगून त्याला पाठवू नका. जे तुमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं, तेच आधी सांगा. आणि मला खुंटीवरून काढायची वेळ कुणावर न येवो. हाइरी थरथरत होता, हे खरंच आहे. पण मीही थरथरत होते, आणि ते त्याला कधीच कळलं नाही.