प्रकरणांची संख्या

टाचणीचं डोकं काचेचं होतं, फिकट निळं, मोहरीच्या दाण्याएवढं. आणि ती त्या दोन कागदांतून इतकी नीट ओवलेली होती – आत, बाहेर, पुन्हा आत, कापडाची कड धरावी तशी – की ती काढताना आपण कुणाची तरी शिवण उसवतो आहोत असं तिला उगाचच वाटलं. कागद मापांचे होते. एका बाजूला कुणाची तरी छाती, कंबर, बाहीची लांबी. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेल्या, उजवीकडे उतरत गेलेल्या ओळी. पहिल्याच ओळीत बाळाचं नाव होतं, तीन अक्षरांचं. ती चार तास जगली. तिला भरपूर केस होते. तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून तिला दफनभूमीच्या भिंतीपलीकडे पुरलं आणि नोंदवहीत नाव लिहिलं नाही. पाळकसाहेब वाईट नाहीत, ते म्हणाले नियम आहे. तर नियम बदलता येतो का?

शिवणवालीनं हे कागद रविवारी उपासना संपल्यावर ठरावबाईंच्या हातात दिले होते, चोरून काहीतरी द्यावं तसे. द्यायचे कुणाला हा प्रश्नच नव्हता. चर्चच्या मंडळीत सगळे तिला ठरावबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं पत्रांचे मसुदे केलेले. सगळ्या मंडळ्यांच्या महासभेला आपल्या मंडळीची प्रतिनिधी म्हणून सलग नऊ वर्षं निवडून गेलेली. आणि नऊ वर्षांत तिचा एकही ठराव शब्दरचनेच्या कारणानं परत आला नव्हता.

आज ठराव देण्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस होता. पाच वाजेपर्यंत.

तिनं कोरा कागद ओढला आणि लिहिलं – ज्याअर्थी. हा शब्द लिहिला की तिचा हात आपोआप चालायला लागे. ज्याअर्थी बाप्तिस्म्यापूर्वी मृत्यू पावलेल्या अर्भकांच्या दफनाची नोंद ठेवण्याची तरतूद प्रचलित नियमावलीत नाही... नाव गेलं. केस गेले. चार तास गेले. तासांचा मुद्दा घेतला तर सभेत कुणीतरी उठून विचारणार, मग दोन तासांचं काय, एका मिनिटाचं काय, आणि जे मेलेलंच जन्मलं त्याचं काय... तिथं हात थांबला. क्षणभरच. मग तिनं ‘अथवा मृतावस्थेत जन्मलेल्या’ हे शब्द घातले आणि पुढे गेली. आणि ज्याअर्थी अशा अर्भकांच्या पालकांना त्यामुळे – मनस्ताप? क्लेश? ‘मानसिक क्लेश’ बरं. मनस्ताप घरगुती वाटतो. ‘मानसिक क्लेश सोसावे लागतात’ – वाक्य कसं तोलून उतरलं होतं, शेवटी आपसूक खाली बसणारं, आणि ते दुसऱ्यांदा वाचताना आपण चक्क समाधानानं हसतो आहोत हे तिच्या लक्षात आलं. ओठांवर हसू, समोर पेन्सिलीतले ते केस. तिनं इकडेतिकडे पाहिलं, जसं काही कुणी बघितलं असेल.

गॅलरीतून नवऱ्यानं विचारलं, यंदा कसला ठराव. ती म्हणाली, दफनभूमीच्या नोंदवहीचा. त्यानंतर बराच वेळ वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला नाही, आणि तो आवाज येईपर्यंत तिचंही पेन हललं नाही.

छत्तीस वर्षं. तेव्हा ती गुंगीच्या औषधात होती; मधेच जाग आली की छतावरचा पंखा दिसे आणि पोट हलकं लागे – इतकं हलकं की आपल्याला कुणीतरी रिकामं करून धुऊन ठेवलंय असं वाटे. तो संध्याकाळी आला, बुटांना माती होती, आणि म्हणाला, झालं सगळं. आठवड्यानं घरी आल्यावर म्हणाला, आता त्याविषयी आपण बोलायला नको. तिनं मान हलवली. सगळ्यांना – म्हणजे बहिणीला, ऑफिसातल्या बायकांना – वाटलं, बिचारी दुःखानं गप्प झाली. पण ते खरं नव्हतं. तिला सुटल्यासारखं झालं होतं. तो ‘बोलायला नको’ म्हणाला तेव्हा तिनं देवाचे आभार मानले होते... हे तिनं आजवर प्रार्थनेतसुद्धा कबूल केलं नव्हतं.

आणि बारा वर्षांपूर्वी नियमावली नव्यानं छापली, तेव्हा प्रुफं तपासायला तिच्याकडेच आली होती. कलम अकरा : बाप्तिस्मा न झालेल्यांची दफन नोंदवहीत नोंद होणार नाही. कलम तिनं वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं. ‘नोंद’वरचा अनुस्वार राहिला होता, तो तिनं लाल पेनानं घातला आणि पान उलटलं.

जेवण झाल्यावर ती शिवणवालीच्या दुकानात गेली. अनुमोदक म्हणून तिची सही हवी होती. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. दोन मशिनं, दोरीवर अर्धवट झगे, आणि जमिनीवर चिंध्या. शिवणवालीनं हात पदराला पुसले, कागद घेतला आणि ओठ हलवत वाचला, फार सावकाश. एका ओळीवर तिचं बोट थांबलं, पुढे गेलं, पुन्हा मागे आलं.

“छान आहे, काकू,” ती म्हणाली. “मला असं जमलंच नसतं.” मग जरा थांबून, “यात ती कुठे येते?”

ठरावबाईंनी समजावून सांगितलं, की ठरावात व्यक्ती येत नसते, तत्त्व येतं. नाव घातलं तर लोक म्हणतील एकीसाठी नियम कशाला बदलायचा. सर्वसाधारण भाषा असली की सगळ्यांना लागू होतं, ‘अशी अर्भके’ म्हटलं की त्यात तीही आलीच. बोलताना आपला आवाज खात्यातल्या खिडकीवरचा झालाय हे तिला ऐकू येत होतं. शिवणवाली मान डोलवत राहिली. तिनं सही केली, शाळेतल्या मुलीसारखी, अक्षर न् अक्षर सुटं. मग कागद परत देताना म्हणाली,

“तुम्ही माझ्यासाठी एवढं का करताय? बाकी कुणी ऐकूनसुद्धा घेतलं नाही.”

आता. आत्ता सांगता आलं असतं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं, मशीन बंद होतं, आणि समोरची पोर – पोरच, तिच्या बाळाच्या वयाची, ते असतं तर – इतक्या सरळ नजरेनं बघत होती.

“प्रतिनिधीचं कामच आहे ते,” ठरावबाई म्हणाल्या.

महासभेच्या कार्यालयात ठराव घेणारा कारकून ओळखीचा होता. प्रती मोजताना त्यानं नेहमीप्रमाणे तिच्या मसुद्यांची तारीफ केली, की तुमचा कागद आला की आम्हाला वाचावा लागत नाही, नुसता शिक्का मारायचा. तिला ते नेहमी गोड लागे. आज ते कुठेतरी बोचलं. त्यानं तीन प्रतींवर शिक्के मारले आणि मग चौथा, छापील कागद पुढे ओढला. हा यंदा नवीनच आलाय, म्हणाला, समितीला आकडा लागतो.

“तुमच्या मंडळीत अशी प्रकरणं किती?”

पेन तयार धरून तो वर बघत होता. भिंतीवरचं घड्याळ चार वाजून वीस मिनिटं दाखवत होतं. तिला वाटलं आपण उत्तर द्यायला बराच वेळ घेतोय, पण घेतला नसावा, कारण त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“एक,” ती म्हणाली.

त्यानं लिहिलं. एक. मग तिथं शिक्का मारला.

पायऱ्या उतरताना कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. एवढ्याशा शब्दाला... आणि कुणी पकडलं नव्हतं, कुणी पकडणारही नव्हतं. पाचला चाळीस मिनिटं होती. ती फाटकाशी उभी राहिली, समोरच्या दुकानातल्या बादल्या बघत, लाल, हिरव्या, एकात एक. परत वर जायचं, म्हणायचं, आकडा चुकला. तो विचारील, मग किती? दोन म्हटलं की विचारील, दुसरं कुणाचं... नऊ वर्षांत एकदाही कागद परत मागितला नव्हता तिनं. बादल्यावाल्यानं विचारलं, काय देऊ? ती चालायला लागली. बस समोर उभी असूनही ती पायीच निघाली, त्यामुळे पाच कुठे वाजले ते कळलं नाही, पण घराच्या वळणाशी आली तेव्हा वाजून गेलेले होते हे नक्की, आणि तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच मग अशी लाज वाटली की ती जिन्यात कठडा धरून उभी राहिली.

नवरा ओट्याशी चहा करत होता. पाठमोरा. त्यानं विचारलं, दिलास का. ती म्हणाली, दिला. अनुमोदक कोण; शिवणवाली. तो चहा ढवळत राहिला, ढवळायचं काही नसताना.

“आणखी एकाची सही चालते का त्यावर?”

“मुदत पाचलाच संपली,” ती म्हणाली. लगेच म्हणाली; नियम विचारल्यावर नियम सांगावा तशी.

त्यानं मान हलवली – छत्तीस वर्षांपूर्वी तिनं हलवली होती अगदी तशी, आणि गॅस बंद केला. ती चपला न काढता दारातच उभी राहिली. या माणसानं तोंड बंद करायला लावलं, असं धरून चालत आली होती ती. आत कुठेतरी त्याला माफही करून टाकलं होतं, मोठ्या मनानं. पण ते बाळ पाहिलं होतं यानं. उचललं होतं यानं. त्याला ठाऊक होतं. आणि तिनं कधी विचारलंच नव्हतं – बाळ, ते, त्याचं, असंच म्हणत आली होती मनातल्या मनातसुद्धा, इतकी वर्षं – ती, जिला एक अनुस्वार चुकलेला खपत नसे... मुलगा होता की मुलगी, एवढंसुद्धा नाही.

त्यानं दोन कप भरले. ती बघत राहिली त्याच्या हातांकडे. आणि आता हे विचारायचं कुठल्या तोंडानं, तिला कळेना.