बाईजाच्या वाट्याच्या गोळ्या

गोळ्या देताना मी फार बोलते, हे मला माहीत आहे. डॉक्सी घेतलीस की लगेच आडवी होऊ नकोस, पोटुशी असशील तर ती घ्यायचीच नाही. मेट्रोच्या गोळ्या चालू असेपर्यंत दारूला शिवायचं नाही. पेनिसिलीनच्या जातीचं औषध असलं तर आधी विचारते, कधी अंगावर गांध्या उठल्या होत्या का, तोंड सुजलं होतं का. मी आरोग्य उपकेंद्रातली नर्स; तिथे येणाऱ्या बाया माझी नक्कल करतात. करू देत. तोंड वाजवल्याशिवाय या भागात पाचव्या दिवसाची गोळी कुणाच्या पोटात जात नाही.

बाईजाला सोमवारी संध्याकाळी डॉक्टरांनी अमॉक्सिसिलीनच्या, म्हणजे पेनिसिलीनच्याच जातीच्या, पंधरा कॅप्सूल दिल्या, दिवसाला तीन. पोटरीला विळा लागलेला, जखम चिघळलेली. "पाच दिवस चिखलात पाय घालायचा नाही," मी दटावलं. ती एवढंसं तोंड करून गेली. म्हसा गावाच्या बाजूला भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, ऐन भरात होती आणि त्यांच्या वाडीत सहा घरांची सावड होती. आज सगळ्या जणी हिच्या शेतात, उद्या सगळ्या तिच्या.

बुधवारी दुपारी मी ड्रेसिंगला तिच्या घरी गेले. दहा कॅप्सूल शिल्लक हव्या होत्या. पाकीट रिकामं.

"सगळ्या खाल्ल्यास?"

"नाय गो बाय. सावडीला धाडल्या. सगळ्यांच्या बोटांत चिखल्या झाल्यात, पाय टेकवत नाय. पाच जनींना दोन-दोन. मघाशीच भाकऱ्यांबरोबर गेल्या."

"वाटायला कुणी सांगितलं तुला?"

"तूच मला घरात बसवलंस ना! हात नाय देता येत, मग माझ्या वाट्याचं काय तरी द्यायला नको?"

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तिची जखम अर्धवट राहणार, चिखल्यांना त्या औषधाचा काडीचा उपयोग नाही. आणि बोलता बोलताच मला आठवलं. सहा घरांतलं एक घर तानीचं होतं. गेल्या वर्षी घसा दुखला म्हणून हेच औषध घेऊन तानीचे डोळे सुजून मिटले होते. तिच्या केसपेपरवर मीच लाल पेनाने लिहिलं होतं. पुन्हा घेतलं तर जीवावर बेतेल, असं तिला समोर बसवून सांगितलं होतं.

पिशवी उचलली आणि पळाले. बांध निसरडे, दोनदा आपटले. चपला कुठे राहिल्या ते आठवत नाही. घेतली नसेल, घेतली नसेल, एवढंच डोक्यात चाललेलं. खालच्या खाचरात चार जणी वाकलेल्या दिसल्या. पाचवी बांधावर बसली होती.

"शिस्टर, अंग लय खाजतंय," तानी म्हणाली. आवाज घोगरा, ओठ टरारलेले.

"कॅप्सूल घेतलीस?"

तिने मान हलवली. घेतली होती.

मग सगळं एकदमच झालं. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि ती कलंडली. बाया धावल्या. धोंडीबाई, त्यांच्यातली सगळ्यात थोरली, तांब्या घेऊन आली. "पानी पाज, उठवून बसव!"

"पाणी नको! निजवा, पाय वर धरा! कुणीतरी एकशे आठला फोन लावा!"

माझ्या किटमध्ये ॲड्रेनॅलिनचे दोन ॲम्प्यूल असतात. एवढ्या वर्षांत एकदाही फोडावं लागलं नव्हतं. काच फोडताना बोट कापलं. साडीवरूनच मांडीत सुई घातली. मनगट धरलं, दुसरं इंजेक्शन भरून ठेवलं आणि घड्याळ बघत बसले. एक मिनिट. दोन. नाडी लागेना, लागली, पुन्हा निसटली. मला उभं राहवेना, बसवेना. चौथ्या मिनिटाला शिट्टी जरा उतरली. पाचव्याला तिने डोळे उघडले.

एकशे आठ मुरबाडहून निघाली होती. बरं वाटलं तरी हिला दवाखान्यात न्यायचंच, सूज पुन्हा येऊ शकते, हे मी बायांना तीनदा बजावलं. मग माझा तोल गेला.

"तानी, तुला सांगितलं नव्हतं? कॅप्सूलचा रंगसुद्धा दाखवला होता ना?"

"वळखली व्हती मी," ती हळूच म्हणाली. "पन उद्या माझ्या शेतात यायच्यात ह्या. बाईजानं आपल्या वाट्याचं धाडलेलं. मीच एकटी नाय कशी म्हनू? एकीनं काय व्हतंय, वाटलं."

"अगो, तुला चालत नाय ते आमाला कुनाला म्हायती व्हतं?" धोंडीबाई रडत रडत ओरडली. "नायतर हातातून हिसकून नसती का घेतली?"

सांगितलं मीच होतं. दार लोटून, हळू आवाजात, केसपेपर बाजूला ठेवून, फक्त तानीला.