नऊ मिलिमीटरचं घराणं

दिनानाथांनी उभ्या जन्मात पिस्तूल हातात धरलं नव्हतं. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला ते धरायचं कारणही नव्हतं म्हणा. पण मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यांना नऊ मिलिमीटरच्या काडतुसाचं वेड लागलं, आणि सीवूड्सच्या त्यांच्या सोसायटीत लिफ्टमध्ये सापडेल त्याला ते त्याची कुळकथा ऐकवू लागले. लोक सात मजले जिन्यानं चढायला लागले. बायकोला, वैशालीताईंना, मात्र पळायला जागाच नव्हती.

आज वैशालीताई सकाळपासून दर दहा मिनिटांनी दाराकडे बघत होत्या. एकुलता एक अभिराम संघप्रियाला घरी आणणार होता, लग्नाचं बोलायला. ‘आई, बाबांनी तिचा अपमान केला तर मी त्याच पावली निघेन. परत येणार नाही,’ असं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं. मुलगी खांदेश्वरची, बौद्ध, सरकारी नोकरीत. पण नाव ऐकूनच दिनानाथांनी असं तोंड वाकडं केलं, की नोकरी कसली हे विचारायचंच राहून गेलं.

दोघं आली, पोहे आले नि दिनानाथांची कुळकथा सुरू झाली.

“अठराशे त्र्याण्णव! बोर्खार्टचं पिस्तूल. त्याची गोळी बाटलीसारखी, निमुळत्या मानेची. मग आले लुगरसाहेब. त्यांनी ती आखूड केली. पण सैन्याला हवी दणकट. मग काय, मानच काढून टाकली! झाली नऊ मिलिमीटर! आधी जर्मन नौदलानं घेतली, मग सैन्यानं, मग अख्ख्या जगानं. आज तिला कुणी विचारतं का, बाई गं, तू कुणाची, कुठली? छे! काम चोख, म्हणून घरोघरी मान!”

एवढं बोलून त्यांनी चहाचा घोट घेतला. “बरं, तुमचं मूळ कुठलं? म्हणजे, अगदी मूळ?”

ह्या माणसाच्या डोक्यात पोह्यांची कढई घालावी, असं वैशालीताईंना वाटलं.

“नांदेडकडचं,” संघप्रिया म्हणाली. “आणि आम्ही बौद्ध आहोत. तेच विचारायचं होतं ना, काका?”

“तसं नव्हे गं. आम्ही मानत नाही हो तसलं काही. पण नातेवाईक आहेत, सोसायटी आहे, लोकांना काय सांगायचं?”

अभिराम ताडकन उठला. वैशालीताईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं. दिनानाथांना त्याचं काही असेल तर शपथ! त्यांनी शोकेसमधून, अगदी देव्हाऱ्यातून काढावं तसं, एक पितळी काडतूस काढलं. भंगारवाल्याकडून आणलेलं.

“हे बघ. अस्सल लुगरचं. एकोणीसशे आठ!”

संघप्रियानं ते अलगद घेतलं, बूड बघितलं, आणि तिचा चेहरा बदलला.

“काका, नऊ मिलिमीटरला अशी बाहेर आलेली कड नसते. हे रिव्हॉल्व्हरचं आहे. पण ते जाऊ द्या. बुडावर पिन आपटल्याची खूण नाही. हे उडालेलंच नाही. जिवंत आहे.”

“तुला गं काय कळतं त्यातलं?”

“पोलिसांच्या शस्त्रागारात आहे मी. चार वर्षं झाली. लायसन्स आहे तुमच्याकडे?”

दिनानाथांची बोबडीच वळली. मग जीभ परत आली, आणि काय गोड होऊन आली! “अगं, घरच्याला कसलं लायसन्स विचारतेस? तू तर आता आमच्या घरचीच! वैशाली, पोरीला लाडू दे की!”

पाच मिनिटांपूर्वी जी लोकांना दाखवायची लाज, ती आता घरची! तीस वर्षांच्या संसारात वैशालीताईंना नवऱ्याची इतकी चीड कधी आली नव्हती.

“लाडू राहू द्या,” त्या म्हणाल्या. “चपला घाला.”

“हो, चला. स्वतःहून जमा करू,” संघप्रिया काडतूस रुमालात गुंडाळत म्हणाली. “मी येते सोबत.”

पोलीस ठाण्यात चौघं टेबलासमोर उभी राहिली. हवालदारानं काडतूस बघितलं, घामाघूम दिनानाथांना बघितलं, आणि रजिस्टर उघडलं. “ह्या मॅडम कोण तुमच्या?”

“सून!” दिनानाथ इतक्या जोरात ओरडले की बाकावर बसलेले दोघे दचकले. “सून आहे माझी, साहेब! सख्खी!”

हवालदारानं पेन टेकवलं.

“ते लिहू नका,” संघप्रिया म्हणाली. “माझं अजून ठरलेलं नाही.”