उलट्या मडक्यावरची रोटी

नाचणगावात लग्न निघालं की बँडवाल्याच्या आधी देवकाबाईंना सांगावा जायचा. काय सांगू त्या बाईचा थाट! चुलीवर उलटं मडकं तापलेलं. बाई सैल कणीक पाट्यावर आपटायच्या, दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायच्या अन् एका झटक्यात मडक्यावर टाकायच्या. ती लंबी रोटी वांग्याच्या रश्श्यात बुडवताना पंगत उठायचं नाव घेत नसे. गेले ते दिवस.

सून उज्वला तेव्हा लांबूनच बघायची. "आत्याबाई, तुमी असल्यावर मी काऊन शिकू?" म्हणत हसायची. खरं तर तिला हात पोळायची भीती वाटे.

आता देवकाबाई माणसं विसरल्या. सुनेलाच विचारत, "कोनाची व तू?" तेही चाललं असतं, पण त्यांनी जेवण सोडलं. फुलका दिसला की तोंड फिरवत. "रोटी नाई का?" बघता बघता हाडं वर आली. उज्वलाचा जीव टांगणीला लागला.

तिनं मडकं आणलं. तहान लागल्यावर विहीर खोदायची, दुसरं काय! एका रोटीला भोकंच भोकं, दुसरी सरळ चुलीत. चुकतंय कुठं, तेच कळेना. तेवढ्यात खाटेवरून देवकाबाई खेकसल्या, "आपटून राह्यली का लेकरू निजवून राह्यली?"

उज्वला चाट पडली. स्वतःचं गाव विसरलेल्या बाईंना कणकेचा आवाज अजून पाठ होता.

मग तिनं चूलच पेटवली नाही. रोज दुपारी नुसती कणीक आपटायची अन् खाटेकडे कान द्यायचा. "नाई." "पानी कमी हाय." "हां, असं!" आवाज जमला तेव्हा लांबवणं सुरू झालं. कणीक दरवेळी डाव्या अंगठ्यापाशी फाटायची, म्हणून ती तेवढा अंगठा वळवायचाच सराव करत बसली. नवरा बंडूजी वैतागला, "रोटी होनार हाय का नुसती धुलाई?"

"तुमी गप बसा!"

खांदे भरून आले, तेव्हा कुठं मडकं पुन्हा चुलीवर चढलं.

रोटी फाटली नाही. देवकाबाईंनी एक घास घेतला, दुसरा घेतला, सगळी संपवली. आता तरी आपलं नाव घेतील, असं उज्वलाला फार वाटलं.

बाई आपल्याच हातांकडे बघत राहिल्या. "झकास झाली व. म्या कवा केली?"

उज्वलानं कणकेचा पुढचा गोळा हातात घेतला.

"आत्ताच केली न तुमी, आत्याबाई. आनखी एक वाढू?"