ऐंशीवा दात

मित्रांनो, माझ्या अंगावरचे तेलाचे डाग पाहून नाक मुरडू नका. मी मुठीएवढी, जुनी स्टेपर मोटर आहे आणि मोजण्यात माझा हात कोणी धरणार नाही. साधी मोटर वीज मिळाली की गरागरा फिरत सुटते. कुठे थांबावे याचे तिला भान नसते. मी पावले मोजते. दोनशे पावलांत माझा एक फेरा होतो आणि सांगाल त्या पावलावर मी ठाम उभी राहते. आयुष्यात एकदाच माझी मोजणी चुकली, आणि तो दोष माझा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

कारखान्यात तांब्याच्या तारेची वेटोळी आणि चुंबक बसवून मला घडवले. मला किती अँपिअर प्रवाह लागतो, ते लेबलावर छापून माझ्या पाठीवर चिकटवले. पुढे बारा वर्षे मी एका कार्यालयातल्या प्रिंटरमध्ये कागद सरकवला. कौतुक कोणी केले नाही. कागद अडकला की मात्र सगळे बोल लावायला हजर. प्रिंटर भंगारात गेला आणि मी एका दुरुस्तीच्या दुकानातल्या डब्यात येऊन पडले. चार वर्षे मला कोणी हातही लावला नाही.

दुकान बापलेकीचे होते. वडील घड्याळजी, लेक रेडिओ आणि पंखे दुरुस्त करायची. वडिलांचे हात थरथर कापू लागले, तेव्हा लेकीने काळजीपोटी त्यांची हत्यारे कपाटात ठेवली आणि त्यांना दाराजवळच्या खुर्चीत बसवले. आल्यागेल्याशी दोन शब्द बोलणे, एवढेच काम त्यांना उरले.

एके दिवशी मुख्याध्यापिकाबाई शाळेच्या मोठ्या घड्याळाचे चाक घेऊन आल्या. ऐंशी दातांचे चाक, त्यातले नऊ तुटलेले. तसे चाक बाजारात कुठेच मिळत नव्हते. लेक नाही म्हणणार, तोच खुर्चीतून आवाज आला, "करून देतो."

बाई गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, दात कापणार कोण?"

"ते तू बघ. चकती आहे माझ्याकडे."

ती पितळी चकती त्यांनी हात स्थिर होते तेव्हा लेथवर घडवली होती. तशी दुसरी आता त्यांच्याकडून होणार नव्हती. ते म्हणाले, "ही बिघडली, तर त्या कपाटाला मीच कुलूप लावीन."

मग लेकीने मला डब्यातून काढून वडिलांच्या जुन्या दात कापायच्या यंत्राला जोडले. माझे चाळीस फेरे झाले की चकतीचा एक फेरा व्हायचा, म्हणजे दर दाताला माझी बरोबर शंभर पावले. हुकूम देणारा होता मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटभर संगणकच. डोक्याने हुशार, पण अंगात ताकद नाही. लेकीने घाईत मला थेट त्याच्याच पिनांना जोडले. मला लागतो अँपिअरभर प्रवाह, त्याच्याकडे होता थेंबभर. मी जागची हलले नाही आणि त्याने मात्र राम म्हटला.

दुसरा मायक्रोकंट्रोलर आला आणि आता आमच्या मधे ड्रायव्हर बसवायचे ठरले. ड्रायव्हर मायक्रोकंट्रोलरचा हुकूम ऐकतो आणि त्याबरहुकूम मला भरपूर वीज पुरवतो. पहिला निघाला सहा तारांच्या मोटरसाठीचा. माझ्या तारा चार. दुसरा जुन्या वळणाचा, बरीचशी वीज स्वतःच्याच अंगात जिरवून तापत बसायचा. तिसरा इवलासा, पण शहाणा. ठरवून दिलेल्या आकड्यापुढे तो प्रवाह जाऊच द्यायचा नाही, आणि तो आकडा एका छोट्या स्क्रूने ठरवता यायचा. मी मनात म्हटले, हाच माझ्या जोडीचा. लेकीने स्क्रू माझ्या लेबलाप्रमाणे लावला आणि मी झकास फिरू लागले.

तासाभराने तिने माझ्यावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. "बापरे, केवढी तापली. जुनी आहे बिचारी." तिने स्क्रू फिरवून प्रवाह निम्म्यावर आणला. अगं बाई, काम करताना मी तापतेच! पण सांगणार कशी? मला तोंड कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी लाकडाच्या चकतीवर चाचणी झाली. सुरुवातीचे दात छान आले. पण ते जुने यंत्र मधेच एका जागी घट्ट व्हायचे, तिथे माझा जोर अपुरा पडू लागला आणि काही पावले निसटली. ती सगळी तूट शेवटी एकदम दिसली. ऐंशीवा दात जाडजूड निघाला.

लेकीने हाय खाल्ली. "मोटरच म्हातारी झालीय, बाबा. नाही जमायचं."

वडील खुर्चीतून उठून आले. कापत्या हाताने त्यांनी मला चाचपले. "काल ही तापली होती ना? आज गार कशी?"

"मीच प्रवाह कमी केला. तेवढीच कमी दमेल म्हटलं."

"अगं, काम करणारं अंग तापणारच. पाठीवर लिहिलंय ना, तेवढं दे तिला." मग ते म्हणाले, "माझंही तू असंच केलंस. हात कापतात म्हणून सगळं कामच काढून घेतलंस. फार लागलं मला ते."

लेकीने स्क्रू पुन्हा लेबलाच्या आकड्यावर आणला, ड्रायव्हर गार राहावा म्हणून त्याच्याशेजारी छोटा पंखा लावला, आणि कपाट उघडून वडिलांची हत्यारे टेबलावर मांडली.

लाकडाची दुसरी चकती निर्दोष उतरली, तेव्हा पितळेची चढवली. दर दाताला मला हुकूम देणारे बटण वडिलांनी स्वतः दाबायचे ठरवले. बोट थरथरून ते दोनदा दाबले जायचे. पण यंत्राचे दात कापणारे पाते खाली जाऊन वर येईपर्यंत दुसरे दाबणे मोजायचेच नाही, असा प्रोग्रॅम लेकीने लिहिला होता.

"दोनदा दाबलं गेलं गं."

"चालतंय बाबा. दाबा तुम्ही."

मी चांगली तापले होते आणि एकही पाऊल सोडत नव्हते. ऐंशीवा दात कापून झाला. वडिलांनी डोळ्याला भिंग लावून तो पाहिला, शेजारचा पाहिला, पुन्हा तो पाहिला. लेक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"सारखा आहे," ते म्हणाले. "कानस दे. कडा मी घासतो."

लेकीने कानस त्यांच्या हातात दिली आणि चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले.

मित्रांनो, आता तिचे वडील आणि मी, दोघेही रोज सकाळी कामावर असतो. तुमच्याकडे माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला योग्य ड्रायव्हर निवडा आणि वीज चालू असताना तिची तार उपटू नका, नाहीतर ड्रायव्हर जळतो. आणि कोणाची काळजी वाटली, तर त्याच्या हातातले काम काढून घेण्याआधी किती झेपते ते त्यालाच विचारा. आम्हा यंत्रांच्या पाठीवर ते लिहिलेले असते. माणसांच्या पाठीवर नसते, म्हणून विचारावे लागते.