उसाच्या मेणाचे लिप बाम

ठाण्यातल्या दुकानदार हेतलबेननी माझे सहा लिप बाम टोपणं काढून, उभे करून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवले आणि उन्हात टिकतात का ते बघायला काचा लावल्या. मे महिन्याचं ऊन. त्यांची गिऱ्हाइकं बहुतेक जैन, मधमाशीचं मेण ओठांना लावत नाहीत. म्हणून मी उसाचं मेण वापरलं होतं. साखर कारखान्यात रस गाळल्यावर जो गाळ उरतो, त्यातून ते काढतात. कडक असतं, चकाकतं आणि उन्हाला दाद देत नाही. ही ऑर्डर मिळाली तर टिटवाळ्याच्या स्वयंपाकघरातून माझा धंदा खऱ्या अर्थाने बाहेर पडणार होता.

सासूबाई, म्हणजे रंगूबाई, हौसेने सोबत आल्या होत्या. मला नको होत्या. पण बोलायची सोय नाही.

तासाभराने गाडी उघडली. पाच बाम ताठ. सहावा मान टाकून बसलेला.

सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. "काल तू लेबलं आणायला कल्याणला गेलीस ना, तेव्हा शेवटचा मी केला," त्या कुजबुजल्या. "तुझं मेण विरघळेचना गं. खडे नुसते तरंगत होते. मग गाळून टाकले नि जुनं मधाचं घातलं."

माझं डोकंच फिरलं. त्या मेणाला मधाच्या मेणापेक्षा जास्त आच लागते, हे शंभरदा सांगितलं होतं!

"एखादा वितळतो, चालतं," हेतलबेन म्हणाल्या. त्यांनी नेमका तोच उचलला, बोटावर घेऊन चोळला. "अरे, हा तर किती मऊ आहे! असेच सगळे द्या ना."

गप्प बसले असते तर ऑर्डर माझीच होती. त्यांचं बोट ओठांकडे निघालं. मला अक्षरशः रडू येत होतं.

मी त्यांचा हात धरला. "नका लावू. यात मधमाशीचं मेण आहे. घरी चूक झाली."

त्यांनी बोट रुमालाला पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं.

"सगळ्यांवर उसाचंच लेबल आहे," त्या म्हणाल्या. "आता मी विश्वास कशावर ठेवू?"



"हिच्यावर ठेवा," सासूबाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. आणि हिच्या जागी मी असते तर तुम्हाला लावू दिलं असतं."

हेतलबेन हसल्या नाहीत. त्यांनी सहाही बाम माझ्या पिशवीत टाकले.

"पुन्हा करून आणा," त्या म्हणाल्या. "पण एकटीने."